सुखी संसारासाठी कोणतं व्रत, कोणता जप: कराडच्या ताईंना उत्तर

कराडहून एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. लग्नाला चार वर्षं झाली. त्या शाळेत शिकवतात, नवरा कंपनीत शिफ्टवर जातो. भांडण मोठं नसतं, पण रोज कशावरून तरी खटका उडतो आणि मग दोन-दोन दिवस अबोला. सासूबाई, म्हणजे त्यांच्या आत्या, म्हणतात सोळा सोमवार निर्जळी कर. एका पत्रिका बघणाऱ्याने कात्यायनी मंत्राचा सव्वा लाख जप सांगितला आणि तो आपणच करून देतो म्हणून दक्षिणेचा मोठा आकडाही सांगितला. ताईंना थायरॉइडची गोळी चालू आहे, उपासाला चक्कर येते. नवरा पूजेला बसत नाही. मग कोणतं व्रत धरू, जप कोणता करू, गोळीने उपास मोडतो का, मधे पाळी आली तर तो सोमवार धरायचा का?

ताई, मी साताऱ्यात पौरोहित्य करते. पूजा सांगते, पोथ्या लावते, मंगळागौरी जागवते. तुमच्यासारखे प्रश्न माझ्याकडे सारखे येतात. म्हणून आधी सरळ उत्तर देते. निर्जळी उपास करू नका. कात्यायनीचा जप तुमच्यासाठी नाहीच. सोळा सोमवार धरायची इच्छा असेल तर जरूर धरा, पण अंगाला झेपेल तेवढ्याच उपासाने आणि नवऱ्याला त्यात घेऊन. गोळीने उपास मोडत नाही. पाळीचं पुढे सांगते.

सोळा सोमवारची कहाणी तुम्ही लहानपणापासून ऐकली असेल, पण ती परत एकदा नीट वाचा. सुरुवात कुठे होते? शंकर-पार्वती फिरत फिरत एका देवळात येतात, सारीपाट मांडतात आणि डाव कोणी जिंकला यावरून नवरा-बायकोत वाद होतो. गुरवाला विचारतात, तो शंकराचं नाव घेतो. पार्वतीला राग येतो, शाप देते, गुरवाच्या अंगावर कोड उठतं. पुढे अप्सरा त्याला हे व्रत सांगतात आणि तो बरा होतो. मग तेच व्रत पार्वती स्वतः करते, का तर रुसून गेलेला कार्तिकस्वामी परत यावा म्हणून. तो येतो. मग कार्तिकस्वामी स्वतः ते करतो, दूरदेशी गेलेला त्याचा ब्राह्मण मित्र भेटतो आणि त्याच्याकडून ते त्या मित्राकडे जातं. पुढे कोणी लग्नासाठी करतं, कोणी मुलासाठी, कोणी राज्यासाठी. म्हणजे यातली पहिली तीन माणसं बघा: एक पुरुष आपल्या आजारासाठी, एक आई रुसलेल्या मुलासाठी, एक मित्र मित्रासाठी. सुनेने उपाशी राहून नवऱ्याला वळणावर आणावं, असं या कहाणीत कुठेही नाही. रुसवा निघावा, तुटलेलं माणूस परत जवळ यावं, हे मात्र ठळकपणे आहे. तुमच्या घरच्या अबोल्याला हे व्रत शोभतं ते या कारणाने, आणि आत्यांनी ते सुचवलं ते योग्यच केलं.

आता निर्जळीचं. कहाणीत दिवसभर उपास, संध्याकाळी आंघोळ करून पूजा आणि मग चुरम्याचा प्रसाद, एवढं आहे. त्या दिवशी मीठ वर्ज्य. पाणी पिऊ नये असं कहाणी सांगत नाही. आपल्याकडे निर्जळीची सवय हरतालिकेवरून आली आणि ती बायका इतर उपासांनाही लावतात. हरतालिका वर्षातून एकदा, भाद्रपद शुद्ध तृतीयेला. सोळा आठवडे ओळीने निर्जळी धरणं ही निराळी गोष्ट आहे, आणि शाळेत दिवसभर उभं राहून शिकवणाऱ्या बाईने तर ते करूच नये.

औषधाबद्दल आपल्या शास्त्रात अगदी स्पष्ट वचन आहे आणि प्रत्येक घरात ते पाठ असावं असं मला मनापासून वाटतं:

अष्टैतान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः ।
हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम् ॥

पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य म्हणजे होमाला चालणारं साधं अन्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं सांगणं आणि औषध, या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. आत्यांना हा श्लोक वाचून दाखवा. वाद म्हणून नको, माहिती म्हणून दाखवा. म्हणजे सोमवारीही सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी नेहमीसारखी पाण्याबरोबर घ्यायची. डॉक्टरांनी जेवढं अंतर ठेवायला सांगितलंय तेवढं ठेवून दूध आणि एखादं फळ घ्यायचं. दुपारी राजगिऱ्याचा लाडू, रताळं, गोड ताक, भाजलेले शेंगदाणे. साबुदाण्याची खिचडी नुसती पोट जड करते आणि तासा-दोन तासाने पुन्हा भूक लागते. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, जुन्या व्रतग्रंथांना तो माहीतही नव्हता, त्यामुळे तो खाल्लाच पाहिजे असं काही नाही. मिठाचा नियम पाळायचा असेल तर पाळा, पण चक्कर येत असेल तर चिमूटभर सैंधव ताकात घाला आणि मनात किंतु ठेवू नका. थायरॉइडशिवाय कुणाला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, कुणी गरोदर असेल, अंगावर पाजत असेल, तर उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं की रक्तातली साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. इथे श्रद्धेची परीक्षा बघायची नसते.

मग व्रतात कडक काय पाळायचं? पुराणांनी सगळ्या व्रतांना मिळून दहा नियम घालून दिलेत: क्षमा, सत्य, दया, दान, शौच म्हणजे शुचिता, इंद्रियनिग्रह, देवपूजा, अग्निहवन, संतोष आणि अस्तेय म्हणजे चोरी न करणं. पहिलं नाव क्षमेचं आहे. जेवणाखाणाचा संयम इंद्रियनिग्रहात येतो, म्हणजे दहातला एक. आपण तो एकच धरून बसतो आणि उरलेले नऊ सोडून देतो. सोमवारी तोंडात पाण्याचा थेंब नाही, पण सकाळी डब्यावरून नवऱ्याला लागेल असं बोललो आणि रात्री पाठ करून झोपलो, तर तो सोमवार मी तरी मोजणार नाही. तुमच्यासाठी व्रताचा मुख्य नियम मी असा घालून देते: अबोला सोमवारच्या दिव्याच्या पुढे न्यायचा नाही. रविवारी भांडण झालं असेल तर सोमवारी संध्याकाळी आधी बोला, मग निरांजन लावा. आणि हा नियम दोघांनाही.

इथेच खरी गोष्ट येते. संसारसुखाचं व्रत एकट्या बाईने ओढायचं हे मला पटत नाही, आणि शास्त्रालाही ते तसं अभिप्रेत नाही. धार्मिक कार्यात बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते, संकल्प सोडताना तिचा हात त्याच्या हाताला लागलेला असतो. तो हात लागल्याशिवाय कार्य दोघांचं होत नाही. लग्नात सातव्या पावलाला काय म्हणतात? सखा सप्तपदी भव. सावित्रीने यमाला हेच ऐकवलं, की सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते असं जाणते सांगतात, मी तुझ्याबरोबर चालले आहे, तर आता माझं ऐक. वडाला सूत गुंडाळताना हा संवाद कुणी वाचत नाही याचं मला फार वाईट वाटतं. महाभारताच्या वनपर्वात तो आहे. सावित्रीने तीन रात्रींचं व्रत केलं होतं हे खरं, पण सत्यवानाला परत आणलं ते तिच्या बोलण्याने, एकेक वर मागत, न चिडता, मुद्दा न सोडता.

आणखी एक वचन धर्मग्रंथांत येतं, ते ऐकून बायका चकित होतात. असमर्थ असेल तर नवऱ्याचं व्रत बायकोने करावं आणि बायकोचं व्रत नवऱ्याने करावं, त्याने व्रतभंग होत नाही. म्हणजे तुम्हाला चक्कर येते तर तुमच्या वाटचा उपास त्यांनी धरावा, असा मार्ग शास्त्राने ठेवलेला आहे. माझ्याकडे येणाऱ्या घरांत जिथे नवऱ्याने चार-दोन सोमवार तरी असे उचलले, तिथे पुढचं बोलणंच निराळं झालेलं मी पाहिलंय. बायको माझ्यासाठी काय सोसते हे सांगून कळत नाही. एक दिवस उपाशीपोटी मशीनवर उभं राहिलं की आपोआप कळतं.

तुमचा नवरा पूजेला बसत नाही म्हणता. पहिल्याच सोमवारी सोवळं नेसवून पाटावर बसवायचा हट्ट करू नका. एखादं काम द्या. बेल आणणं त्यांच्याकडे, किंवा चुरम्याची कणीक भाजणं त्यांच्याकडे. कराडला बेल सहज मिळतो, कामावरून येताना आणता येईल. हाताला काम लागलं की माणूस हळूहळू आत येतो. पूजेची वेळ प्रदोषाची, म्हणजे सूर्यास्तानंतरची साधारण दोन-सव्वादोन तास. त्यांची दुसरी शिफ्ट असेल त्या आठवड्यात पूजा सकाळी दोघांनी मिळून करा. प्रदोष साधून एकटीने करण्यापेक्षा सकाळी दोघांनी केलेली मला जास्त मोलाची वाटते. यावर माझ्याशी वाद घालणारे गुरुजी आहेत, त्यांच्या मताचा मी मान ठेवते, पण तुमच्या घरासाठी मी हेच सांगेन.

पूजा छोटीच ठेवा. घरची पिंडी ताम्हनात ठेवून पाण्याची धार, थोडं दूध, पुन्हा पाणी. गंध, अक्षता, पांढरी फुलं. बेल तीन पानी, गुळगुळीत बाजू पिंडीला लागेल असा पालथा वाहायचा. केवडा वाहत नाहीत. हळद-कुंकू पिंडीला नाही, ते पार्वतीला. धूप, दीप, चुरमा. मग जप, मग कहाणी, मग आरती. अर्ध्या तासात सगळं होतं. संकल्प मराठीत केलात तरी चालेल: आम्ही दोघं आमच्या घरातल्या शांतीसाठी सोळा सोमवार हा नेम पाळणार आहोत. वाक्यात ‘आम्ही’ असू द्या.

जपाकडे येते. कात्यायनीचा मंत्र भागवताच्या दहाव्या स्कंधातला आहे. गोकुळातल्या कुमारिका हेमंतातल्या पहिल्या महिन्यात, म्हणजे मार्गशीर्षात, पहाटे यमुनेवर स्नान करत, वाळूची देवी मांडत, हविष्यान्न खात आणि प्रत्येक जण म्हणे:

कात्यायनि महामाये महायोगिन्यधीश्वरि ।
नन्दगोपसुतं देवि पतिं मे कुरु ते नमः ॥

हे देवी, नंदाचा मुलगा मला पती म्हणून दे. लग्न ठरायचं आहे अशा मुलीने हा म्हणावा, त्यात गोडवा आहे. लग्न होऊन चार वर्षं झालेल्या बाईने तो म्हणून काय मागायचं? भांडणं मिटवण्याबद्दल त्यात एक शब्द नाही. शिवाय त्या मुलींनी महिनाभर स्वतः थंडीत आंघोळी करून स्वतः म्हटला. पैसे देऊन दुसऱ्याकडून मोजून घेतलेला नव्हे. सव्वा लाखाचा आकडा आणि त्यामागची रक्कम ऐकली की मी लोकांना जरा थांबवते. पैसे देऊ नका. आणि तो माणूस पुढे जाऊन भीती घालू लागला, करणी आहे, बाधा आहे, नाही केलंत तर घर मोडेल असं म्हणू लागला, तर तो विषय देवाचा राहत नाही. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी आमच्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं झगडा दिला. तुमच्या व्रताला, पूजेला, वारीला, कीर्तनाला तो कायदा हात लावत नाही.

तुमच्यासाठी जप सोपा सांगते. ‘नमः शिवाय’ एक माळ, रुद्राक्षाची असली तर बरं, नाही तर बोटांच्या पेरांवर. एकशे आठ मणी, माळेच्या टोकाचा मोठा मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून उलटं फिरायचं. पाच-सात मिनिटं लागतात. रोज करा, सोमवारी दोघांनी शेजारी बसून करा. जपाच्या आधी उमामहेश्वर स्तोत्राचा पहिला श्लोक म्हटलात तर फारच सुंदर: नमः शिवाभ्यां नवयौवनाभ्यां परस्पराश्लिष्टवपुर्धराभ्याम्. यात नमस्कार एकट्या शंकराला नाही, दोघांना मिळून आहे, पूर्ण स्तोत्रभर. नवऱ्याला संस्कृत जड जात असेल तर समर्थांचा तेरा अक्षरी ‘श्रीराम जय राम जय जय राम’ त्यांना द्या. सज्जनगडाच्या परिसरात वाढलेल्या माणसाच्या तोंडी तो असतोच. दोघांचे मंत्र वेगळे असले तरी काही बिघडत नाही, बसणं एका वेळी असावं. आणि एखाद्या पुरुषाने मला विचारलं की मी काय म्हणू, तर मी देवीच्या अर्गला स्तोत्रातली ओळ सांगते: पत्नीं मनोरमां देहि. पण पुढचा चरण सोडायचा नाही, तारिणीं दुर्गसंसारसागरस्य. या अवघड संसारसागरातून तारून नेणारी. नुसती मनासारखी वागणारी मागून थांबायचं नाही, जी आपल्याला तारते तिचा मान ठेवूनच तो श्लोक पुरा होतो.

नणंदेचं किंवा धाकट्या बहिणीचं लग्न जमायचं असेल तर एकनाथ महाराजांचं रुक्मिणी स्वयंवर लावा. अठरा प्रसंग आहेत, रोज एक वाचला तर अठरा दिवसांत होतं. तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध नाही, पण दोघांनी मिळून मोठ्याने वाचायला इतकी रसाळ ओवी क्वचित सापडेल.

पाळीचं विचारलंत. उपास चालू राहतो आणि त्या दिवशीची पूजा दुसऱ्याने करायची, ही आपल्याकडची जुनी रीत. तो दुसरा नवराच असू द्या. काही घरांत तो सोमवार धरत नाहीत आणि शेवटी एक वाढवतात. आत्यांचा आग्रह असेल तर तसं करा, त्यावरून भांडू नका. मला विचाराल तर नवऱ्याने पूजा केलेली असेल तर सोमवार पूर्ण झाला. मनातल्या जपाला पाळीची आडकाठी मी मानत नाही. पोटात दुखत असेल तर उपासही सोडा, श्लोकातलं औषध तुम्हालाही लागू आहे.

तुम्हाला अजून एक सुचवते, ते तुम्ही विचारलेलं नाही. लग्नानंतर पाच वर्षं मंगळागौर पुजायची असते. चार वर्षं झाली म्हणजे येणारा श्रावण पाचवा. मधली वर्षं राहिली असली तरी ही पाचवी धरा आणि उद्यापन करा. एकाच मंगळवारी, मैत्रिणींना, शाळेतल्या सहकाऱ्यांना बोलवा. सोळा प्रकारची पत्री जमवायला दोघं मिळून जा. रात्री झिम्मा, फुगडी, पिंगा, गोफ. आत्यांना खेळात ओढा. रोजच्या कटकटीत सासू-सुना एकमेकींचा हात धरत नाहीत, फुगडीत धरावाच लागतो.

आणि एकदा दोघं शिखर शिंगणापूरला जाऊन या. आपला सातारा जिल्हा या बाबतीत भाग्याचा. शिंगणापुरात शंभू महादेवाचं पार्वतीशी, कराडजवळच्या पालीत खंडोबाचं म्हाळसेशी आणि म्हसवडला सिद्धनाथाचं जोगेश्वरीशी दरवर्षी लग्न लागतं. शिंगणापुरात चैत्र शुद्ध पंचमीला देवाला हळद लागते, एरवी पिंडीला हळद न वाहणारे आपण तिथे लग्नाची हळद बघतो. अष्टमीला लग्न. महादेवाच्या शिखरापासून बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत पांढरा लांबलचक ध्वज बांधतात. पाली तुम्हाला कराडहून अगदी जवळ, पौषात खोबरं-भंडारा उधळून लग्न होतं. गर्दी फार असते, लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर यात्रेच्या दिवशी न जाता पुढे-मागे जा. देवांचंही लग्न दरवर्षी नव्याने लावावं असं आपल्या पूर्वजांना का वाटलं असेल, यावर येताना गाडीत दोघं बोला.

एक मात्र गंभीरपणे विचारते. तुम्ही खटके आणि अबोला एवढंच लिहिलंय. त्याच्या आत मारहाण, दारू, पैशासाठी छळ, जिवाची भीती असं काही लपलेलं असेल तर व्रत हा त्याचा उपाय नाही, आणि तसं सांगणारी मी नाही. सावित्रीचं नाव घेऊन मार खात राहावं असं कोणतंही शास्त्र सांगत नाही. महिलांसाठी 181 हा क्रमांक आहे, तातडीला 112. घरगुती हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे आणि तक्रार घ्यायला संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. आधी तिथे बोला, नंतर माझ्याशी. आणि असं काही नसून नुसतंच मन जुळत नसेल, तरी समुपदेशकाकडे दोघांनी जाण्यात कमीपणा मानू नका. सोमवारचा नेम चालू ठेवून तेही करता येतं.

सुरुवात श्रावणातल्या पहिल्या सोमवारी करा. मधे अधिक महिना नसेल तर सतरावा सोमवार, म्हणजे उद्यापन, कार्तिक वद्यात येतं. दर सोमवारी अर्धा शेर, म्हणजे साधारण अर्धा किलो कणकेचा चुरमा, त्यात तूप आणि गूळ. तिघांच्या घरी एवढा खपणार नसेल तर वाटीभर कणकेचा करा, पण भाग तीनच करायचे: एक देवाचा, एक ब्राह्मणाला किंवा दारी येईल त्याला, एक घरच्यांचा. उद्यापनाला कहाणीप्रमाणे पाच शेर कणकेचा चुरमा असतो. त्या दिवशी एक जोडपं जेवायला बोलवा. तुमच्या ओळखीतलं, बरीच वर्षं बरी-वाईट एकत्र काढलेलं, वयस्कर. बोलवायला दोघांनी जायचं आणि वाढायलाही दोघांनी.